मोरीखालची तुळई : गळतीनंतर लाकडी जमिनीची तपासणी

गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव या मुंबईच्या जुन्या वस्त्यांतील पुष्कळ चाळींमध्ये वरच्या मजल्यांची जमीन आजही लाकडावर उभी आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा आणि सर्वांत वर शहाबादी फरशी किंवा लादी, असे हे थर असतात. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत याच रचनेला कडीपाट म्हणतात. तेथे खालून फळ्या आणि कड्या उघड्या दिसतात. कोकणातील घरांचा माळा त्याहून साधा असतो; त्यावर बहुधा कोबाही नसतो. मुंबई शहरात 1 सप्टेंबर 1940 पूर्वी बांधलेल्या उपकरप्राप्त इमारती ‘अ’ वर्गात मोडतात आणि लाकडी जमिनी मुख्यतः अशा जुन्या इमारतींतच आढळतात. या रचनेचे एक वैशिष्ट्य तपासणीच्या प्रत्येक टप्प्यावर आडवे येते. वरच्या बिऱ्हाडाची जी जमीन, तेच खालच्या बिऱ्हाडाचे छत असते. पाणी एकाच्या घरात सांडते आणि त्याची खूण दुसऱ्याच्या घरात उमटते.

घरात पाण्याची गळती झाली की पहिली नजर पाणी किती सांडले याकडे जाते. लाकडाच्या दृष्टीने हा प्रश्न दुय्यम आहे. पाणी लाकडात किती दिवस राहिले, हा खरा प्रश्न आहे. रात्री नळ उघडा राहून खोलीभर पाणी झाले, सकाळी ते पुसले गेले आणि जमीन खालून-वरून वाऱ्याला मोकळी राहिली, तर चांगल्या लाकडाचे सहसा काही बिघडत नाही. उलट मोरीच्या कोपऱ्यातून दिवसाला वाटीभर पाणी झिरपत राहिले, तर काही पावसाळ्यांत ते तुळईचे टोक खाऊन टाकते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. तेव्हा शेकडो वाडे कोसळले, पण त्याचे कारण लाकडाची कूज नव्हे. विटा-मातीच्या भिंती भिजून ढासळल्या. लाकूड एका दिवसात कुजत नाही. म्हणूनच मोठ्या, दिसणाऱ्या, सर्वांना घाबरवणाऱ्या गळतीपेक्षा लहान आणि सवयीची झालेली गळती अधिक घातक ठरते. ‘तिथे नेहमीच थोडी ओल असते’ हे वाक्य ऐकू आले की तपासणी तेथूनच सुरू करावी.

कूज म्हणजे बुरशीने लाकूड खाणे. बुरशीला चार गोष्टी लागतात : अन्न, हवा, ऊब आणि पाणी. अन्न म्हणजे लाकूडच, ते हलवता येत नाही. हवा सगळीकडे असते. ऊब मुंबई-कोकणात बारा महिने असते, कारण लाकूड कुजवणाऱ्या बहुतेक बुरश्या 20 ते 30 अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने वाढतात. माणसाच्या हातात उरते फक्त पाणी. विहिरीच्या तळाशी बांधकामाखाली बसवलेले उंबराचे लाकूड वर्षानुवर्षे टिकते, कारण तेथे ते कायम पाण्याखाली असते आणि बुरशीला हवा मिळत नाही. उंबराचेच लाकूड घराच्या ओलसर भिंतीत घातले तर लवकर जाते. सतत बुडालेले लाकूड टिकते, सतत कोरडे लाकूडही टिकते. मरण येते ते मधल्या अवस्थेत, ओल आणि हवा दोन्ही मिळतात तेव्हा. मोरीखालची जागा नेमकी अशी असते.

लाकडातील ओल टक्क्यांत सांगतात. पूर्ण सुकवलेल्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत त्यात किती वजनाचे पाणी आहे, असा हा हिशेब असतो. सुमारे 28 ते 30 टक्क्यांपर्यंतचे पाणी लाकडाच्या तंतूंच्या भिंतींत मुरलेले असते. त्यापुढचे पाणी पेशींच्या पोकळ्यांत मोकळे साठते. हा टप्पा गाठला की बुरशीचे काम नीट सुरू होते. 20 टक्क्यांखाली ती वाढत नाही. मधला पट्टा संशयाचा. हवेतील दमटपणामुळे लाकडाची ओल ऋतूप्रमाणे बदलते. मुंबईच्या भर पावसाळ्यात, एकही थेंब न गळता, घरातील लाकूड 16 ते 18 टक्क्यांपर्यंत चढू शकते आणि हिवाळ्यात पुन्हा बरेच खाली येते. म्हणजे जुलैमध्ये कूज सुरू होण्यासाठी गळतीला फार थोडी भर घालावी लागते, आणि त्याच महिन्यात भिजलेले लाकूड सुकायलाही सर्वांत जास्त वेळ घेते.

सर्व लाकूड सारखे नसते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने, जिची स्थापना 1906 मध्ये झाली, भारतीय लाकडांचे नमुने जमिनीत पुरून ती किती काळ टिकतात हे पाहिले. 120 महिन्यांहून जास्त टिकणारी पहिल्या वर्गात, 60 ते 120 महिने टिकणारी दुसऱ्या, त्याहून कमी टिकणारी तिसऱ्या वर्गात अशी मांडणी केली जाते. साग पहिल्या वर्गात आहे, आंबा तिसऱ्या. पण ‘सागाचे आहे, त्याला काय होणार’ या समजुतीने पुष्कळ तुळया गेल्या आहेत. टिकाऊ असतो तो सागाचा तपकिरी गाभा, कारण त्यातील नैसर्गिक द्रव्ये बुरशीला आणि वाळवीला रोखतात. सालीलगतचा पांढरट भाग सागाच्या झाडाचा असला तरी तो जवळजवळ कोणत्याही पांढऱ्या लाकडासारखाच कुजतो. जुन्या बांधकामात मोठ्या तुळया ब्रह्मी सागाच्या आणि कड्या किंवा फळ्या दुसऱ्याच, स्वस्त लाकडाच्या, असेही होते. शिवाय मागच्या दुरुस्तीत कोणी काय बसवले हे कोणालाच आठवत नाही. म्हणून एका फळीवरून शेजारच्या फळीचा निष्कर्ष काढू नये.

कुजीचे ठळक प्रकार दोन. तपकिरी कुजीत बुरशी लाकडातील सेल्युलोज खाते आणि लिग्निन बरेचसे मागे ठेवते. लाकूड गडद होते, आकसते, त्यावर उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी ठोकळे दिसू लागतात, आणि शेवटी ते बोटांत चुरले तर भुकटी होते. पांढऱ्या कुजीत दोन्ही द्रव्ये खाल्ली जातात. लाकूड फिकट पडते, मऊ होते, त्याचे धागे सुटतात. दोन्हींपैकी तपकिरी कूज जास्त दगा देते, कारण तिच्यात ताकद आधी जाते आणि रूप नंतर बदलते. लाकडाचे वजन जेमतेम 5 ते 10 टक्के घटलेले असते तेव्हाच त्याची धक्का सोसण्याची ताकद बव्हंशी संपलेली असू शकते. डोळ्यांना ते लाकूड अजून धडधाकट वाटते. म्हणून फक्त पाहून केलेली तपासणी अपुरी असते.

‘कोरडी कूज’ या नावाने ओळखला जाणारा एक प्रकार इंग्रजी पुस्तकांतून आणि जाहिरातींतून इकडे आला आहे. त्या बुरशीचे शास्त्रीय नाव सर्प्युला लॅक्रिमन्स. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अश्रू ढाळणारी’, कारण तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात. ती आपल्या तंतूंतून दूरवर पाणी वाहून नेते आणि विटांच्या भिंतीतूनही पलीकडे जाते. नाव कोरडी असले तरी तिलाही ओल लागतेच. पण ती थंड हवेची बुरशी आहे. 26 अंशांच्या आसपास तिची वाढ थांबते. मुंबई, ठाणे, रत्नागिरी हा तिचा प्रदेश नव्हे. तेथे दिसते ती साधी ओली कूज, आणि पाणी तोडले की ती पुढे सरकत नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी. तेथील जुन्या घरांत तळमजल्याची जमीनही लाकडी आणि खाली पोकळी असलेली असते, भिंतीच्या पायथ्याशी त्या पोकळीसाठी हवेच्या जाळ्या ठेवलेल्या असतात, आणि त्या जाळ्या बुजल्या की ही बुरशी खरोखरच घर धरते. तिकडचे कडक उपाय इकडे जसेच्या तसे लावले तर चांगले सागवान विनाकारण उखडले जाते.

तपासणीची पहिली पायरी लाकडाची नाही, पाण्याची आहे. गळती चालू असताना लाकडाचे मोजमाप करून काही कळत नाही. पाणी कोठून येते हे ओळखायला वेळापत्रक उपयोगी पडते. मुंबईत बऱ्याच ठिकाणी नळाला ठराविक वेळीच पाणी येते. त्या वेळेतच छत ठिबकत असेल तर दोष येणाऱ्या पाइपात. भांडी-कपडे धुतल्यावर, अंघोळीनंतर ठिबकत असेल तर मोरीच्या जाळीत, नहाणी ट्रॅपमध्ये किंवा बिडाच्या पाइपाच्या सांध्यात. मे महिन्यातही ओल तशीच असेल तर पावसाचा संबंध नाही. फक्त जून ते सप्टेंबर दिसत असेल तर कौले, पन्हळ किंवा बाहेरची भिंत पाहावी. शंका उरली तर मोरीत रंग कालवलेले पाणी सोडून खाली त्याची वाट पाहावी. अलीकडे वातानुकूलन यंत्राच्या नळीतून भिंतीत मुरणारे पाणी हेही एक कारण झाले आहे, आणि ते स्वच्छ, थंड, थेंबाथेंबाने येणारे पाणी असल्यामुळे महिनोन्महिने लक्षात येत नाही.

पाणी जेथे पडते तेथेच ते दिसते असे नाही. कोब्यात शिरलेले पाणी उताराने सरकते, फळ्यांच्या फटीतून कडीवर येते, कडीच्या अंगाने वाहत जाऊन भिंतीपाशी थांबते. खाली छतावर डाग खोलीच्या मध्यभागी दिसतो आणि कूज मात्र तीन-चार हात दूर, भिंतीत, लपलेली असते. शिवाय कोबा पाणी धरून ठेवतो. फरशी वरून कोरडी खडखडीत झाली तरी तिच्याखालचा चुन्याचा थर आठवडे-महिने ओला राहून फळ्यांना ओल पुरवत राहतो.

सगळ्यांत महत्त्वाची जागा म्हणजे तुळईचे भिंतीत शिरलेले टोक. लाकूड झाडात असताना पाणी उभ्या दिशेने वाहून नेत असते आणि कापल्यावरही त्याच्या नळ्या त्याच दिशेला राहतात. म्हणून तुळईच्या बाजूने जितके पाणी शिरते त्याच्या कितीतरी पट ते कापलेल्या टोकातून शिरते. हे टोक ओल्या भिंतीत, वारा नसलेल्या कोनाड्यात असते, आणि मजल्याचा भार भिंतीला सोपवण्याचे काम त्यालाच करायचे असते. जाणते सुतार टोकाला डांबर लावत आणि भोवती थोडी मोकळी जागा सोडत. नंतरच्या दुरुस्त्यांत ती मोकळी जागा सिमेंटने गच्च भरली गेली, की लाकडाला सुकायला वाट उरत नाही. मोरी तर बहुधा बाहेरच्या भिंतीलगतच असते, म्हणजे नेमकी या टोकांच्या डोक्यावर.

आता खालच्या बिऱ्हाडात जावे लागते. तपासणी खालूनच नीट होते, आणि येथेच ती अनेकदा अडते. वरच्यांना वाटते दोष इमारतीचा, खालच्यांना वाटते दोष वरच्यांचा, आणि दोघांमध्ये लाकूड कुजत राहते. खालच्या घराने छताला प्लायवूड, पीओपी किंवा रंगाचे जाड थर दिलेले असतील तर ओल बाहेर पडण्याची वाटही बंद होते आणि दिसण्याचीही. मोरीच्या खालच्या भागापुरते तरी ते आच्छादन उतरवावे. छतातून विजेच्या तारा जात असतील तर आधी मेन स्विच बंद करावा. ओल्या लाकडी पट्टीतून गेलेली जुनी तार हा कुजीपेक्षा तातडीचा धोका आहे.

उघड्या लाकडाजवळ गेल्यावर प्रथम वास घ्यावा. कुजणाऱ्या लाकडाला पावसाळी रानातल्या जुन्या ओंडक्यासारखा कुबट वास येतो. मग डाग पाहावेत, पण डाग म्हणजे कूज नव्हे. खिळ्याभोवतीचा काळा-निळा डाग लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने होतो. तो एवढेच सांगतो की येथे पाणी आले होते. पांढरी-हिरवी भुरी दोन-तीन दिवसांच्या ओलीतही येते, पृष्ठभागावर राहते आणि पुसली जाते; ती लाकडाची ताकद खात नाही. मात्र ती जेथे उगवते तेथे मोजायला हवे हे नक्की. कापसासारखे धागे, फांद्यांसारखे पसरलेले तंतू, किंवा लाकडावर उगवलेले छत्रीसारखे मांसल फळ दिसले तर बुरशी आत मुरलेली आहे आणि ती जुनी आहे.

त्यानंतर हातोडी. लाकडी दांड्याने किंवा लहान हातोडीने तुळईवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीतभर अंतराने ठोकत जावे. निरोगी लाकूड टणत्कार देते, कुजलेले थप्प असा बसका आवाज देते. आधी खोलीच्या कोरड्या बाजूची तुळई वाजवून कान तयार करावा, कारण प्रत्येक लाकडाचा आणि प्रत्येक जाडीचा आवाज वेगळा असतो. आवाज बदलला तेथे पेचकस किंवा आरी टोचावी. चांगल्या सागात टोक थोडेसेच शिरते आणि ओढताना अडते. कुजलेल्यात ते लोण्यात गेल्यासारखे जाते. याहून सूक्ष्म परीक्षा म्हणजे ढलपी काढणे. आरीचे टोक रेषांना आडवे घुसवून लहान तुकडा वर उचलावा. तो लांब, टोकदार सलासारखा निघाला आणि मोडताना कडकड वाजला तर लाकूड जिवंत आहे. आवाज न करता, टोच्याजवळच आखूड मोडला तर तपकिरी कूज सुरू झालेली आहे, रंग बदलला नसला तरी. या एका परीक्षेला दहा रुपयांची आरी पुरते, आणि नवीन यंत्रांनी तिचे महत्त्व कमी केलेले नाही.

ओल मोजण्याचे यंत्र दोन सुयांचे असते. सुया लाकडात टोचल्या की त्यांमधला विजेचा अवरोध मोजून ते ओलीची टक्केवारी दाखवते. लाकूड जितके ओले तितका अवरोध कमी. साधारण 7 ते 30 टक्क्यांच्या पट्ट्यात ते विश्वासार्ह असते. त्यापलीकडचे आकडे ‘फार ओले’ एवढ्याच अर्थाने घ्यावेत. यंत्र बहुधा परदेशी लाकडावर बेतलेले असते, म्हणून सागासाठी दुरुस्ती करावी लागते. मोरीच्या पाण्यातील साबण आणि क्षार लाकडात मुरलेले असतील तर आकडा उगाच चढतो. म्हणून एकटा आकडा फसवा. त्याच खोलीतील, त्याच लाकडाच्या, कधीही न भिजलेल्या जागेचा आकडा शेजारी लिहावा आणि दोघांतला फरक पाहावा. कोरडी जागा 16 आणि मोरीखालची 27 दाखवत असेल तर निष्कर्षाला वाद राहत नाही. सुया लांब असतील तर पृष्ठभागाबरोबर आतलेही मोजावे, कारण तुळई बाहेरून आधी सुकते आणि आत ओली राहते.

जमिनीला आलेला झोळ पाहून घाबरणे किंवा निर्धास्त राहणे, दोन्ही चूक. शंभर वर्षांच्या तुळया कायमच्या भाराने थोड्या वाकतातच. त्या कोरड्या आणि आवाजाला चोख असतील तर तो वाक वयाचा आहे. चिंतेचा झोळ तो, जो एकाच बाजूला, भिंतीपाशी, अलीकडे वाढलेला आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणून मधले अंतर मोजावे आणि दर काही महिन्यांनी तेथेच पुन्हा मोजावे. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात नवी फट पडणे, दाराची चौकट अडणे, चालताना एकाच जागी थरथर जाणवणे या खुणा त्याच कुळातल्या. अशा जागेवरचा भार आधी कमी करावा. पाण्याने भरलेले 200 लिटरचे पिंप म्हणजे 200 किलो वजन, आणि चाळीत ते बहुधा मोरीच्या काठावरच असते.

वाळवी वेगळी, पण ओलीच्याच वाटेने येते. भिंतीवरून चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या ही तिची खूण. ती लाकूड आतून रेषांच्या दिशेने पोखरते आणि पातळ कवच तसेच ठेवते, त्यामुळे ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. भुंगेऱ्यांनी टाकलेली पिठासारखी भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोके हा तिसरा प्रकार. तो कोरड्या लाकडातही होतो, म्हणून त्यावरून गळतीचा अर्थ लावू नये. नव्या इमारतींत काँक्रीटच्या स्लॅबवर पातळ लाकडी फळ्या अंथरतात. त्या भिजून वाटीसारख्या वाकतात, फुगतात, पण त्यांवर इमारतीचा भार नसतो. तेथे नुकसान पैशाचे असते, छत कोसळण्याची भीती नसते.

तपासणीत तुळईचे टोक गेलेले आढळले तर पुढचे काम घरमालकाचे किंवा सुताराचे एकट्याचे नाही. आधी खालून टेकू द्यावेत आणि मग बांधकामाच्या ताकदीचा अभियंता बोलवावा. त्याने जुन्या लाकडी बांधकामात काम केलेले असावे, कारण फक्त काँक्रीट ओळखणारा डोळा एका मोरीखालच्या कुजीवरून सगळा मजला निकालात काढतो, आणि ते रहिवाशांच्या छपरावर बेतते. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापावा लागतो. बुरशीचे तंतू रेषांच्या दिशेने दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात, म्हणून ढलपीची परीक्षा पुढेही घेत जावे आणि जेथे लांब सल निघू लागतो त्याच्याही पुढे कापावे. उरलेल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचे पाणी देता येते. ते ओल्या लाकडात आतवर पसरते, पण गळती चालूच राहिली तर त्याच पाण्याने धुऊनही निघते. नवा तुकडा सुकलेला असावा, ओला कधीच बसवू नये.

मोरीचा कट्टा, ट्रॅप आणि पाइप नीट झाल्यावर फरशी लगेच बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. इंचभर जाडीची उघडी फळी कोरड्या हवेत काही आठवड्यांत सुकते, तुळईला कित्येक महिने लागतात, आणि पावसाळ्यात दोन्ही जवळजवळ थांबतात. प्रत्येक मोजणीचा आकडा आणि तारीख तुळईवरच पेन्सिलने लिहावी. मोरीखालचा आकडा आणि कोरड्या कोपऱ्याचा आकडा पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबरनंतरच्या दोन मोजण्यांत, सारखे आले म्हणजे कोबा टाकावा. छताचा मोरीखालचा तुकडा मात्र आच्छादनाशिवाय, उघडाच ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी खालच्या बिऱ्हाडाला पहिला थेंब दिसेल.